वरचा एक महिना

तांबरमला रुळांच्या पश्चिमेला त्या काळी घरं मोजकी होती आणि ताडाची झाडं उदंड. त्या झाडांमधल्या लाल मातीच्या वाटेने सकवारबाई निघाल्या की घराघरांतल्या बायका दारात येत. काही माणसं नुसती येतात, काही प्रवेश करतात. सकवारबाईंचा प्रवेश असे. काळी छत्री, पांढरं सुती लुगडं, डाव्या हातात चामड्याची पेटी, आणि अंगणात पाऊल टाकायच्या आधीच घरभर पोचलेला तो खणखणीत आवाज : "काय गं, पाणी तापलंय, की येऊन चूलही मीच पेटवू?" कळांनी वाकलेली बाईसुद्धा हसून जाई. निम्मं बाळंतपण तिथेच उरकलं असं लोक म्हणत.

त्या मूळच्या तंजावरच्या. एकोणिसाव्या वर्षी कपाळ पांढरं झालं. सासरच्या माजघरात मान खाली घालून उरलेला जन्म काढायचा, एवढंच पुढे वाढून ठेवलेलं होतं. त्यांनी ते ताट सरकवलं आणि भावाचं बोट धरून मद्रास गाठलं. एग्मोरच्या मोठ्या इस्पितळात सुईणीचं शिक्षण घेतलं, परीक्षा दिली, बिल्ला मिळवला. तेव्हापासून तीस वर्षं सैदापेटपासून तांबरमपर्यंत, तंजावरहून आलेल्या मराठी घरांत, कारकुनांच्या, मास्तरांच्या, रेल्वेवाल्यांच्या घरांत, जी पोरं जन्मली त्यातली बहुतेक सकवारबाईंच्या हातावर पहिल्यांदा रडली. या घरांतून बाजारात तमिळ, शाळेत तमिळ, शेजारणीशी तमिळ. पण कळ आली की तोंडून "आई गं"च फुटायचं. आणि त्याला "आले गं माझ्या राजसे" असं उत्तर देणारी सुईण साऱ्या मद्रासेत ही एकच.

आता या घरांची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. पोटुशी बाईचे महिने खरे सांगायचे नाहीत. एक महिना चोरून सांगायचा. पाचवा असला तर चौथा, आठवा असला तर सातवा. लोकांच्या डोळ्यांना चुकीचा दिवस दाखवला की दृष्ट चुकीच्या दिवशी येते आणि रिकामी परत जाते, अशी समजूत. शेजारणीला चोरून, नणंदेला चोरून, आणि सवय इतकी अंगवळणी पडलेली की सुईणीलाही चोरून.

सकवारबाई नव्या नव्या होत्या तेव्हाची गोष्ट. मैलापूरच्या विजयलक्ष्मी नावाच्या बाईला कळा लागल्या. घरच्यांनी शपथेवर सांगितलं, आठवा चालू आहे. सकवारबाईंनी खरं मानलं. कळा थांबाव्यात म्हणून तिला उताणं निजवलं, पायाखाली उश्या दिल्या, दोन दिवस हलू दिलं नाही. खरं तर नऊ महिने भरून वर आठवडा गेला होता. मूल आतच गेलं. वार हिरवी-काळी पडलेली पाहून सकवारबाईंना उमगलं, आणि मग त्या घरच्या म्हातारीने कपाळ बडवत कबूल केलं, "ऐय्यो, एकच तर महिना चोरला होता हो!"

त्या दिवसापासून सकवारबाईंनी एक नियम केला. घरचे जो महिना सांगतील त्यात गुपचूप एक मिळवायचा. कुणाला खोटं पाडायचं नाही, वाद घालायचा नाही. मान डोलवायची, आणि मनात एक मिळवायचा. पंचवीस वर्षं तो नियम एकदाही फसला नाही. दिवस अचूक सांगतात म्हणून त्यांचं नाव झालं. डॉक्टरणीसुद्धा विचारत, "तुम्हाला इतकं नेमकं कसं कळतं?" सकवारबाई छत्री टेकवून म्हणत, "माझी माणसं मला ठाऊक आहेत."

सत्तावन साली सप्टेंबरात, आवणी महिना संपता संपता, कृष्णवेणीबाई त्यांच्याकडे आल्या. हातात तबक, तबकात विडा-नारळ. त्यांचा मुलगा राघोत्तम तांबरम स्टेशनात कारकून, सून भवानी.

भवानीची आधीची हकीकत सगळ्या तांबरमला माहीत होती. दोन वर्षांपूर्वी तिचं पहिलं बाळंतपण इस्पितळात झालं. दोष कुणाचाच नव्हता. खाटा चाळीस, बाया सत्तर. वेळेच्या आधी कळा आल्या, मूल मेलेलंच जन्मलं. पण त्या गर्दीत रात्रभर आपल्या बोलीत एक शब्द कानावर पडला नाही, कुणी हात धरला नाही, हे भवानीच्या मनात रुतून बसलं. घरी आल्यावर ती सहा महिने कुणाशी बोलली नाही. आता पुन्हा दिवस राहिले, तेव्हा तिने एकच मागितलं : या खेपेला घरी. सकवारअक्कांच्या हाती.

"हे मूल हाती लागलं नाही तर माझी सून हाती लागणार नाही, अक्का," कृष्णवेणीबाई म्हणाल्या. "एवढं ध्यानात ठेवा."

"वेणीबाई, विडा उचलला मी," सकवारबाई म्हणाल्या. "कितवा?"

कृष्णवेणीबाईंनी क्षणभर डोळे मिटले. मग सावकाश, एकेक शब्द तोलत म्हणाल्या, "पाच भरले. सहावा लागला."

त्या थांबण्याला सकवारबाई मनात हसल्या. मोजूनमापून चोरी करतात बिचाऱ्या! त्यांनी मान डोलवली, आणि एक मिळवला. सहा भरले, सातवा लागला.

दुसऱ्या दिवशी त्या भवानीला पाहायला गेल्या. पोरगी किडकिडीत, डोळे मोठे, हाताला हात लावला की घट्ट धरून ठेवणारी. पोटावरून हात फिरवताना सकवारबाई जरा थबकल्या. गर्भाशयाचा काठ बेंबीपाशीच लागत होता. सहा भरलेल्या पोटात तो वर सरकायला हवा. हात म्हणाले पाच, नियम म्हणाला सहा. 'पोरगी उपाशी राहिली आहे,' त्यांनी स्वतःला सांगितलं. 'अंगाने बारीक, मूल बारीक.'

"काय अक्का, बरं आहे ना?" भवानीने विचारलं.

"झकास! राजा आत पालथा निजलाय. तू खात जा, नाहीतर बाहेर येऊन मला विचारेल, माझ्या आईला कुणी जेवायला घालत नव्हतं का म्हणून."

मग तयारी सुरू झाली. एवढ्या थाटाची तयारी सकवारबाईंनी कुठल्याच घरी केली नसेल. मागच्या अंगणाकडची खोली रिकामी करून चुन्याने पांढरी केली. जुनी सुती लुगडी उकळून, उन्हात वाळवून, इस्त्री करून पेटीत घातली. पितळी घंगाळ घासलं. खिडकीला दोन झडपा लावून घेतल्या. राघोत्तमने स्टेशनाजवळच्या टॅक्सीवाल्या कृष्णस्वामीशी बोलून ठेवलं, वेळ पडलीच तर असावा म्हणून. भवानीला त्यांनी श्वास कसा घ्यायचा, कळ आली की काय धरायचं, कधी ओरडायचं आणि कधी नाही, हे नाटकाच्या तालमीसारखं शिकवलं. भवानी आधी लाजायची. मग खिदळायला लागली. एका दुपारी दोघी कळांची नक्कल करत होत्या तेव्हा राघोत्तम कामावरून आला, त्याला ते खरंच वाटलं, आणि तो तसाच उलट्या पावली कृष्णस्वामीकडे धावला. टॅक्सी दारात भोंगा वाजवत उभी राहिली तेव्हा भवानी हसता हसता भिंतीला टेकली. दोन वर्षांत त्या घरात ते पहिलं हसू. कृष्णवेणीबाईंनी पदराने डोळे पुसले.

डिसेंबरात मार्गळी महिना उजाडला. पहाटे धुकं, दारोदार रांगोळ्या, रांगोळीत भोपळ्याची पिवळी फुलं, देवळाकडून ऐकू येणारं भजन. सकवारबाईंच्या हिशेबाने महिन्याच्या सुरुवातीलाच भवानीचे दिवस भरले. त्या रोज सकाळी जाऊन बघू लागल्या. कळांचं नाव नाही. मूल अजून वरच, खाली उतरलेलं नाही. पाच दिवस गेले. सात गेले. सकवारबाईंची झोप उडाली. डोळे मिटले की मैलापूरची ती हिरवी-काळी वार समोर येई. याही खेपेला वाट पाहत बसायचं? आणि मग त्या बाईच्या घरच्यांचं तोंड पाहायचं?

आठव्या दिवशी सकाळी त्यांनी पेटीतून एरंडेलाची बाटली काढली.

"भवानी, आज हे घ्यायचं. दुपारी एनिमा देते. संध्याकाळपर्यंत आपलं नाटक सुरू."

भवानी उठून बसली. "आज? पण अक्का, अजून महिना आहे की."

सकवारबाईंनी दाराकडे पाहिलं. दारापलीकडे कृष्णवेणीबाई तांदूळ निवडत होत्या. पोरगी सासूला ऐकवण्यासाठी बोलते आहे, त्यांना वाटलं. त्यांनी डोळा घातला आणि हळूच म्हणाल्या, "माझ्यापाशी कशाला गं नाटक? मला ठाऊक आहे सगळं."

"नाही अक्का, खरंच—"

"पी बघू. नाक धर आणि पी."

भवानीने त्यांच्याकडे पाहिलं. पाहताना तिच्या मनात काय आलं ते सकवारबाईंना पुढे आयुष्यभर कळत राहिलं. ती मनात म्हणत होती : अक्कांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. तिने नाक धरलं आणि एका दमात बाटलीतलं सगळं घशाखाली उतरवलं.

दिवेलागणीला कळा सुरू झाल्या. तालीम पक्की झालेली होती. भवानी शहाण्यासारखी श्वास घेत होती, सकवारबाईंचा हात धरून होती, मधूनच हसतही होती. पहाटे पाचच्या सुमारास, भजनाची घंटा वाजत असताना, मूल आलं. मुलगी. एवढीशी. रडली, पण मांजराच्या पिलासारखी.

सकवारबाईंनी नाळ कापली, अंग पुसलं, दिवा जवळ घेतला.

खांद्यांवर बारीक मऊ लव होती, कणसावर असते तशी. अंगावर पांढऱ्या मेणाचा जाड थर. कानाची पाळी त्यांनी बोटाने दुमडली, ती दुमडलेलीच राहिली. नखं बोटांच्या टोकांपर्यंत पोचली नव्हती. पाय उलटा करून तळवा पाहिला. गुळगुळीत. एक रेघ नव्हती.

दिवस भरलेलं मूल असं नसतं. त्यांनी दिवा खाली ठेवला.

"काय झालं अक्का? मुलगी ना? बरी आहे ना?" भवानी विचारत होती.

सकवारबाई बाहेर आल्या. ओसरीत कृष्णवेणीबाई हात जोडून बसल्या होत्या. "वेणीबाई," त्यांनी विचारलं, आणि त्यांचा आवाज, तो खणखणीत आवाज, कुठे गेला होता कुणास ठाऊक, "तुम्ही मला महिना खरा सांगितलात?"

"हो की. खराच. मागच्या खेपेला सगळ्यांना चोरून सांगितलं आणि मूल गेलं. तेव्हाच मी वेंकटेशासमोर बोलले, पुन्हा या तोंडातून महिना चोरणार नाही. अक्का, तुम्हाला कशी खोटं सांगेन?"

ते डोळे मिटणं. ते एकेक शब्द तोलणं. रीत मोडायला बाईला किती बळ लागलं होतं, आणि सकवारबाई मनात हसल्या होत्या.

पोरीचा श्वास वरवर चालू लागला. प्रत्येक श्वासाला फासळ्यांखाली खळगा पडत होता, ओठ निळसर. घरी काही करण्यासारखं उरलं नव्हतं. कृष्णस्वामीची टॅक्सी त्या दिवशी कुणा लग्नाच्या वऱ्हाडाला घेऊन चेंगलपट्टूला गेलेली. दिवस भरायला महिना असताना त्याला आज थांब म्हणून कोण सांगणार! राघोत्तम म्हणाला, "पावणेसातची इलेक्ट्रिक गाडी आहे. तासात एग्मोर." सकवारबाईंनी पोरीला कापसात गुंडाळलं, चोळीच्या आत, छातीशी धरलं, वरून पदर घेतला.

गाडी निघाली. राघोत्तम समोरच्या बाकावर गुडघ्यांवर हात ठेवून बसला. क्रोमपेट गेलं, पल्लावरम गेलं. परंगीमलैच्या टेकडीवर ऊन आलं होतं. सकवारबाई बोटाच्या टोकाने पोरीचा तळपाय चोळत होत्या. तळपाय चोळला की ती एक श्वास घेई. थांबलं की विसरून जाई.

"अक्का, चालू आहे ना?" राघोत्तम प्रत्येक स्टेशनाला विचारी.

"चालू आहे."

सैदापेट जवळ आलं. अडयार नदीच्या पुलावर गाडीचा आवाज बदलला. सकवारबाईंनी तळपाय चोळला. पुन्हा चोळला. तोंडात फुंकर घातली. पदराखाली, कुणाला दिसू न देता, दोन बोटांनी छाती दाबली. छातीशी धरलेलं ते अंग ऊनच होतं. पण ती ऊब आता सकवारबाईंची होती.

"अक्का, चालू आहे ना?" मांबळमला राघोत्तमने विचारलं.

त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. सव्वीस वर्षांचा पोरगा, दाढीचे खुंट वाढलेले, शर्टाची बटणं वरखाली लावलेली.

"चालू आहे," सकवारबाई म्हणाल्या.

कोडंबाक्कम, नुंगंबाक्कम, चेटपेट. तीन स्टेशनं त्या एका मेलेल्या मुलीचा तळपाय चोळत राहिल्या.

बाराव्या दिवशी त्या भवानीला तेल लावून न्हाऊ घालायला गेल्या. बाळंतिणीचं न्हाणं त्यांच्याकडेच ठरलेलं होतं, आणि न जाण्याचं धाडस त्यांना झालं नाही. कृष्णवेणीबाईंनी त्यांना पाट दिला, कॉफी दिली. घरात कुणी एक वावगा शब्द काढला नाही. आठ महिन्यांचं मूल राहत नाही, हे सगळ्यांना ठाऊकच होतं. शेजारपाजारही तेच म्हणून गेला होता. उलट कृष्णवेणीबाई म्हणाल्या, "तुम्ही होता म्हणून माझी सून वाचली."

ते ऐकलं आणि सकवारबाईंच्या हातातला पेला खाली आला.

"मी मारली तिला," त्या म्हणाल्या. "तुमच्या नातीला. तुम्ही खरं सांगितलंत आणि मी त्यात एक महिना मिळवला. मला वाटलं, तुम्ही चोरलात. नसती बाहेर आली ती आज. मी ओढून काढली. एरंडेल पाजून."

कृष्णवेणीबाईंनी पुढे होऊन त्यांच्या तोंडावर हात ठेवला. "असं अभद्र बोलू नका. देवाने दिलं, देवाने नेलं. तुम्ही कोण आणि मी कोण? थकलात तुम्ही. कॉफी घ्या बघू, निवते आहे."

सकवारबाईंनी तो हात बाजूला केला आणि पुन्हा सगळं सांगितलं, पहिल्यापासून, विजयलक्ष्मीपासून. कृष्णवेणीबाई मान हलवत राहिल्या. काही केल्या त्यांना ऐकायचं नव्हतं. ऐकलं असतं तर वेंकटेशासमोरचं त्यांचं वचनच त्या पोरीच्या जिवावर उठलं होतं असं झालं असतं.

भवानी खोलीच्या दारात उभी होती. केस मोकळे, तेलासाठी सोडलेले. कधीपासून उभी होती कुणास ठाऊक.

"मी सांगितलं होतं तुम्हाला," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "अजून महिना आहे म्हणून. तुम्ही डोळा घातलात."

"हो गं."

"मी पुन्हा सांगणार होते."

"हो."

"मग पुन्हा का नाही सांगितलं मी, अक्का?"

याचं उत्तर सकवारबाईंना ठाऊक होतं. तीस वर्षं त्यांनी आपल्या आवाजाने, आपल्या छत्रीने, आपल्या हसण्याने एकच काम केलं होतं : बाईने आपली भीती सोडून द्यावी आणि सगळं त्यांच्यावर सोपवावं. भवानीने सोपवलं. हे तिला कसं सांगायचं? भवानी आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. त्या दिवशी तिला न्हाऊ घातलं ते कृष्णवेणीबाईंनी.

लोक बोलवायला येत राहिले. तांबरमला हे कळलंच नव्हतं, किंवा कळलं तरी त्यात दोष दिसला नव्हता. सकवारबाई दोन-तीन घरी गेल्याही. पण आता महिना ऐकला की त्या दोनदा विचारत, तीनदा विचारत, सासूला बाहेर काढून सुनेला विचारत. पोटावर हात ठेवत आणि तसाच ठेवून बसत. हात पूर्वी बोलायचे. त्यांनी एकदा हातांचं ऐकलं नव्हतं. आता हात काही सांगेनासे झाले. बाया घाबरायला लागल्या. सुईणीच्याच कपाळाला घाम सुटलेला पाहिल्यावर कोण श्वास नीट घेणार? वर्षभरात त्यांनी बोलावणी घेणं बंद केलं. भावाची मुलगी शिकवण्या घेई, त्या आणि चार घरचं लोणचं-पापड, यावर चाललं.

साठ साली एका सकाळी कृष्णवेणीबाई दारात उभ्या राहिल्या. पुन्हा हातात तबक. बऱ्याच म्हाताऱ्या दिसत होत्या.

"भवानीला ठाऊक आहे का, तुम्ही आलात ते?" सकवारबाईंनी विचारलं.

कृष्णवेणीबाईंनी तबकाकडे पाहिलं. "तिने इस्पितळात नाव घातलंय," त्या म्हणाल्या. "पण माझं मन राहत नाही, अक्का. आपलं माणूस असावं जवळ. तुम्ही नुसत्या एकदा येऊन बघा. चौथा ला—"

"नका सांगू!" सकवारबाई ओरडल्या. पूर्वीचा तो आवाज, तीन वर्षांनी, पुरा लागला. शेजारची कुत्री भुंकायला लागली. "मला महिना सांगू नका. तिचं ऐका. ती म्हणेल तिथे न्या, ती म्हणेल त्या दिवशी न्या. जा."

कृष्णवेणीबाई तबक तसंच हातात घेऊन, पदर सावरत, ताडांच्या वाटेने निघून गेल्या.

सकवारबाई उंबऱ्यावर बसल्या. आणि बसल्या बसल्या त्यांच्या ध्यानात आलं, की तो अर्धा शब्द कानावर पडला त्याच क्षणी, त्यांना न विचारता, त्यांचं मन म्हणालं होतं : पाचवा.